येता नाट्यहंगाम आणि आपण



वर्धापनदिनाला दरवर्षी आपण कोणी बाहेरची पाहुणी बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी हे काम घरच्याच माणसावर सोपविले आणि विषयही त्यांनीच नेमून दिला: येत्या हंगामात आपण कोणती नाटके बघायची. त्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. गेल्या सभेत असे ठरले की, दिवाळीपासून रामनवमीपर्यंत मंडळाच्या सभासदांनी मिळून तीन नाटके बघावी, तिकिटांचे पैसे आधीच गोळा करावे, आणि नाटक मंडळीच्या व्यवस्थापकांना तसे पत्र घालावे. हा ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. मग 'कोणती तीन?' असा प्रश्न निघाला आणि सभा दीड तास लांबली! कोणी म्हणाल्या, "हसवणारीच असू द्या, रडायला घर पुरेसे आहे." कोणी म्हणाल्या, "संगीत नाटक नसेल तर माझे नाव काढा." आणि एक भगिनी, नाव घेत नाही, हळूच म्हणाल्या, "मला कुठलेही चालेल, घराबाहेर पडायला मिळाल्याशी कारण." शेवटी निर्णय आजवर ढकलला आणि मला सांगण्यात आले की, तुम्ही चार शब्द बोला, मग मते घेऊ.

तेव्हा नाट्यशास्त्रावर व्याख्यान देण्याचा माझा विचार नाही. नाटक मंडळी आपला हंगाम ठरवते कशी, त्यात आजवर बायकांचा हात किती होता, आणि आता तो किती असू शकेल, एवढेच मला सांगायचे आहे. ते ऐकल्यावर आपले मत आपण मोकळेपणाने द्यावे.

एक साधी गोष्ट बघा. गुलमंडीवर साडी घ्यायला गेले की आपण काय करतो? दुकानदाराला दहा साड्या उलगडायला लावतो, पदर बघतो, काठ बघतो, रंग जाईल का विचारतो, उजेडात नेऊन बघतो, आणि मग अकरावी साडी घेतो. दुकानदारही रागावत नाही. उलट कोणता माल खपतो ते तो आपल्याकडूनच शिकतो, आणि पुढच्या खेपेला तसा माल भरतो. पण नाटकाच्या बाबतीत? कोणी पास आणून दिला तर जायचे, घरच्यांनी तिकिटे काढली तर जायचे, जे पुढे येईल ते बघायचे आणि घरी येऊन 'बरे होते' म्हणायचे. पाच-सहा वारांच्या कापडाला आपण जेवढे पारखून घेतो, तेवढे दोन-तीन तास मनात शिरणाऱ्या गोष्टीला घेत नाही, ही मला मोठी नवलाची गोष्ट वाटते.

आता जुन्या मंडळ्यांकडे वळू. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यास रंगभूमीवर आले. तेथून पुढची पन्नास वर्षे नाटक मंडळी म्हणजे एक फिरते मोठे कुटुंबच होते. नट, गवई, साथीदार, पडदे रंगवणारे, कपडेवाले, आचारी, सगळे एका बिऱ्हाडात. पावसाळ्यात प्रवास अवघड, म्हणून एका गावी मुक्काम ठोकून नव्या नाटकाच्या तालमी करायच्या, आणि वाटा मोकळ्या झाल्या की गावोगाव निघायचे. एकेका गावी कित्येक दिवस मुक्काम असे. पेटाऱ्यात दहा-बारा नाटके तयार असत. आज 'सौभद्र', दोन दिवसांनी 'मृच्छकटिक', मग 'रामराज्यवियोग'. गावाची आवड कोणती हे पहिल्या दोन-तीन खेळांत समजे आणि पुढचे खेळ तसे लावले जात. एखादे नवे नाटक पडले, तरी जुने 'सौभद्र' त्या तोट्याला सावरून घेई. सुगरणीच्या घरी एक भाजी बिघडली तर मागच्या फडताळात लोणचे असते, तसे हे होते.

ह्या नाटकांतून बायकांचे प्रश्न आले नाहीत असे कोणी म्हणू नये. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ साली आले. म्हाताऱ्या श्रीमंताला कोवळी मुलगी देऊ करणारा लोभी बाप लोकांनी रंगभूमीवर पाहिला, आणि घरोघर त्याविषयी बोलणे निघाले. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाई. पण आपल्याकडे कित्येकांच्या तोंडी त्याचे 'शारदा कायदा' असेच नाव होते, इतकी ती शारदा लोकांच्या मनात बसली होती. १९१९ साली 'एकच प्याला' आले. त्यातली सिंधू पाहून बायका पदराने डोळे पुसत. बालगंधर्व रंगभूमीवर जसे पातळ नेसत, जसा अंबाडा घालत, जशी फुले माळत, तसे घरंदाज बायका करू लागल्या. म्हणजे आपण काय नेसावे हेसुद्धा एका पुरुषाने आपल्याला शिकविले!

मी हे थट्टेने म्हणत असले तरी त्यात एक गोष्ट दडली आहे. विषय बाईचा होता. रडणारी, हसणारी, पैसे देणारी बाईही होती. पण स्त्रीची भूमिका पुरुष करी, स्त्रीचे दुःख पुरुष लिही, आणि कोणता खेळ लावायचा ते पुरुष ठरवी. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या त्या काळीही निघाल्या होत्या, नाही असे नाही. परंतु प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांनी त्यांच्याकडे पाठच फिरविली.

तरी दोन बायकांची नावे आज मी मुद्दाम घेणार आहे. पहिल्या हिराबाई पेडणेकर. कलावंतिणीच्या घरात जन्मलेली ही विदुषी. तिचे 'दामिनी' हे नाटक १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. बाईने लिहिलेले नाटक एका नामांकित मंडळीने आपल्या खेळांत घ्यावे, ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या गिरिजाबाई केळकर. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'बायकांचे बंड' हे नाटक १९०७ साली लिहिले होते. गिरिजाबाईंनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या आणि तेवढ्यावर सोडले असे झाले नाही. त्यांनी लेखणी घेतली आणि १९१३ साली 'पुरुषांचे बंड' लिहून उत्तर दिले. ह्या गिरिजाबाई जळगावच्या, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या. तेथील भगिनी मंडळाचे काम त्यांनी उभे केले, म्हणजे आपल्यासारख्याच मंडळातल्या त्या. १९२८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. महिला मंडळात हळदीकुंकू आणि पाककृती यांपलीकडे काय होते, असे विचारणाऱ्यास हे एक नाव सांगावे.

पुढे काळ पालटला. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. मूळ नाटक नॉर्वेचे, ब्यर्न्सन ह्या लेखकाचे. त्यातला प्रश्न असा की, लग्नापूर्वीच्या वर्तनाचा जो कस मुलीला लावतात, तोच मुलाला का लावू नये? हा प्रश्न आज शिळा झाला असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी आपल्या घरातल्या मागच्या लग्नाची बोलणी आठवून पाहावीत. १९४२ साली मो. ग. रांगणेकरांचे 'कुलवधू' आले. सिनेमात काम करणारी पत्नी आणि तिचा नवरा यांचे ते नाटक, आणि नायिका होत्या ज्योत्स्नाबाई भोळे. मिळवत्या बाईची कुचंबणा रंगभूमीवर आली ती अशी.

हे सर्व पुण्या-मुंबईकडचे झाले. आपल्या गावाचे काय? तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, हे १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होते. जाहीर कार्यक्रम करायचा तर आधी परवानगी काढावी लागे, आणि मराठी नाटकाला सरकारचा आधार नव्हता. माझ्या सासूबाई त्याच दिवसांत वाढलेल्या, ह्याच गल्लीत. त्यांच्या माहेरी चावीचा ग्रामोफोन होता. बालगंधर्वांची पदे त्यांना तोंडपाठ होती. पोळ्या लाटताना त्या ती पुटपुटत. पण बालगंधर्वांचे नाटक त्यांनी जन्मात पाहिले नाही. मी एकदा कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "नाटक रात्रभर चाले. घरी तान्हे मूल, माजघरात चार म्हातारी माणसे. आणि मला नाटकाला जायचे आहे, हे म्हणायचे कोणाला?" त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नाटक गावात येत नव्हते ही एक अडचण झाली. पण आले असते तरी 'मला जायचे आहे' हे वाक्य म्हणायची सोय घरात नव्हती, ही दुसरी अडचण पहिलीहून मोठी.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि आपल्याकडच्या मुलामुलींना रंगभूमीची दारे उघडली. १९८० नंतरच्या दशकात ह्याच गावातल्या काही तरुणांनी 'जिगीषा' नावाची नाट्यसंस्था काढली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नावे आपणांस परकी नाहीत. येथे धडे गिरवून ही मंडळी मुंबईस गेली, आणि १९९१ साली प्रशांत दळवींनी लिहिलेले, चंद्रकांत कुलकर्ण्यांनी बसविलेले 'चारचौघी' रंगभूमीवर आले. एक आई आणि तिच्या तीन मुली, एवढीच ती गोष्ट. आईने विवाहित पुरुषाशी संबंध जोडून मुली स्वतःच्या हिमतीवर वाढविलेल्या. थोरली प्राध्यापिका, नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी गुंतणे तिला कळते आणि ती त्याच्याशी टेलिफोनवर बोलते. रंगभूमीवर ती एकटी, हातात टेलिफोन, पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ज्यांनी तो प्रवेश पाहिला आहे त्या तो विसरल्या नसतील.

ते नाटक आपल्या गावात आले तेव्हा मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या वेळी त्या सत्तरीच्या होत्या. 'बाई, असले नाटक सासूला दाखवायचे?' असे मला शेजारून सांगूनही झाले. नाटकभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, रिक्षात बोलल्या नाहीत. मला वाटले, रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आमच्या आक्काला असे बोलायची सोय असती तर!" मी विचारले, "कोण आक्का?" तेव्हा कळले की, सासूबाईंना एक थोरली बहीण होती. तिचा नवरा असाच. ती तीनदा माहेरी आली आणि तिन्ही वेळा वडिलांनी तिला परत पोचवून दिली. चौथ्या वेळी ती आलीच नाही. तिची बातमी आली. चाळीस वर्षे त्या घरात तिचे नाव कोणी उच्चारले नव्हते. मी लग्न होऊन आले त्याला तेव्हा बारा वर्षे झाली होती, आणि मलाही ते नाव त्या सकाळी प्रथम कळले. त्या वर्षापासून पितृपंधरवड्यात आमच्या घरी आक्कांच्या नावाने पान वाढले जाते.

मैत्रिणींनो, नाटकाने काय होते असे विचारतात. नाटकाने नवरे सुधारतात असे मी म्हणत नाही. आमच्या घरात एका बाईला तिचे नाव परत मिळाले, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि हेही सांगते की, त्या दिवशी आम्ही केवळ हसवणारे नाटक बघून आलो असतो, तर ती मेथीची जुडी निमूटपणे निवडून झाली असती.

म्हणून मी विनोदी नाटकाच्या विरुद्ध आहे असे कृपा करून समजू नका. बबन प्रभूंचे 'झोपी गेलेला जागा झाला' बघताना माझे पोट दुखेपर्यंत हसून झाले आहे. दिवसभर राबलेल्या बाईला हसण्याचा पूर्ण हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की, सणाच्या पानात आपण नुसते श्रीखंड वाढत नाही. कोशिंबीर असते, पंचामृत असते, कारल्याची भाजीही असते, आणि कडू कोपऱ्यात असले तरी ते लागते. तीन नाटकांचा हंगाम म्हणजे तीन वाढण्यांचे पान. तिन्ही वाट्यांत एकच पदार्थ असला तर सुगरणीला नावे ठेवतील.

आता कोणी म्हणेल, आपण काय ठरवायचे? मंडळी जे आणील ते. येथे मला हिशेबाची बाजू सांगितली पाहिजे. एका नाटकाच्या व्यवस्थापकांशी मी मुद्दाम बोलले. त्यांनी जे सांगितले ते असे. पूर्वीची मंडळी दहा नाटके घेऊन महिनाभर राही. आजची निर्मिती एकच नाटक घेऊन येते, आणि बहुधा एकाच रात्रीसाठी. पुण्याहून आपले गाव सुमारे २३५ किलोमीटर, मुंबईहून सुमारे साडेतीनशे. नेपथ्याचा ट्रक, माणसांची बस, नटनट्यांची ज्याला ते 'नाइट' म्हणतात ती रक्कम, नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, राहणे, जेवणखाण, हा सारा खर्च पहिले तिकीट विकण्यापूर्वीच ठरलेला असतो. नामांकित नट मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले, म्हणून शनिवार-रविवारच हाती. परीक्षांचे दिवस वगळा, मोठे सण वगळा, लग्नाच्या तिथी वगळा, मग उरतात किती? त्या मोजक्या दिवसांत आपल्या गावी यायचे आणि अर्धे नाट्यगृह रिकामे राहिले, तर ती मंडळी पुढचे वर्षभर इकडे फिरकत नाही.

मग व्यवस्थापक काय करील? संसारी माणूस जे करील तेच. धोका टाळील. थोडी पात्रे, एकच दिवाणखाना, ओळखीचा चेहरा आणि हमखास हशा, असे नाटक तो मोठ्या गावांबाहेर नेईल. पंधरा पात्रांचे, प्रश्न विचारणारे नाटक तो पुण्या-मुंबईपुरते ठेवील. आपल्याला वाटते की, मराठवाड्याला हलकीफुलकी नाटकेच आवडतात म्हणून तीच येतात. खरे पाहता आपली आवड काय हे कोणी विचारलेलेच नाही, आणि आपणही सांगितलेले नाही.

सांगितले तर काय होते याचे एक उदाहरण देते. २०१० च्या सुमारास सुनील बर्वे यांनी आपल्या 'सुबक' संस्थेतर्फे 'हर्बेरियम' नावाचा उपक्रम केला. पाच जुनी नाटके निवडली: 'सूर्याची पिल्ले', 'लहानपण देगा देवा', 'हमिदाबाईची कोठी', 'आंधळं दळतंय' आणि 'झोपी गेलेला जागा झाला'. प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग करायचे, सव्विसावा नाही, असे आधी जाहीर केले. त्या पाचांत हसवणारे होते आणि 'हमिदाबाईची कोठी'सारखे काळजाला चरे पाडणारेही होते. आधी ठरवून, मोजून, निरनिराळ्या चवींचा हंगाम मांडला तर प्रेक्षक येतात, हे त्यातून दिसले. दुसरे उदाहरण 'चारचौघी'चेच. एकतीस वर्षांनी, २०२२ साली, नव्या नटसंचात ते पुन्हा रंगभूमीवर आले, आणि ज्यांचा १९९१ साली जन्मही झाला नव्हता अशा मुली ते बघायला गेल्या. प्रश्न विचारणारे नाटक चालत नाही, असे यापुढे कोणी आपल्याला सांगू नये.

आता आपला हिशेब. समजा, आपल्या मंडळाच्या साठ सभासदांनी तीन नाटकांची तिकिटे आधी घेतली, तर झाली एकशे ऐंशी. प्रत्येकीने एक लेक, एक सून, नाहीतर एक शेजारीण आणली, तर तीनशे साठ. एवढ्या खुर्च्या आधी भरलेल्या आहेत असे पत्र ज्या व्यवस्थापकाच्या हाती पडेल, तो आपले नाटक आणताना पूर्वीइतका भिणार नाही. अमुक नाटक आणा, असे आपण त्याला म्हणू शकू. साडीच्या दुकानात जो मान आपल्याला आहे, तोच मान येथेही मिळेल. मात्र तिकीट घेऊन. पास मागून नाही. फुकट मिळालेल्या पासावर मत चालत नाही.

अडचणी आहेत, त्या मी लपवीत नाही. पहिली वेळेची. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटायला साडेबारा होतात. उस्मानपुऱ्यातल्या संत एकनाथ रंगमंदिरातून गुलमंडीला इतक्या रात्री यायचे म्हणजे घरच्यांना काळजी, आणि रिक्षावाला म्हणेल ते भाडे. तेव्हा पत्रात स्पष्ट लिहावे की, आम्हांस दुपारी साडेचारचा प्रयोग हवा. एवढी तिकिटे घेणाऱ्यांनी एवढे मागितले तर ते गैर नाही. दुसरी अडचण पैशाची. आपल्यातल्या काहींना तीन तिकिटे जड जातील. त्यांच्यासाठी मंडळाच्या निधीतून काही तिकिटे काढून ठेवावी. कोणाला दिली हे खजिनदारबाईंनाच ठाऊक असावे, सभेत त्याचा उच्चार नको. तिसरी अडचण, आणि सर्वांत जुनी, ती घरी सांगण्याची. सासूबाईंचे ते वाक्य मी आपणांस ऐकविलेच आहे. एकटीने 'मला जायचे आहे' म्हणणे कठीण जाते. पण 'मंडळाचे ठरले आहे' हे म्हणणे सोपे जाते. मंडळ असते ते याचसाठी.

म्हणून माझी सूचना अशी. पहिले नाटक संगीत असावे. 'सौभद्र' किंवा 'शारदा', जे मिळेल ते. आपल्या सुना-नातींनी नांदी समोर बसून एकदा तरी ऐकावी, आणि 'शारदा' मिळाले तर बघून झाल्यावर त्यांना विचारावे की आज कोणती शारदा कोणाला विकली जाते. दुसरे खुशाल विनोदी असावे, आणि ते निवडण्याचे काम गेल्या सभेत ज्या मोठ्याने हसत होत्या त्यांच्याकडे द्यावे. तिसरे मात्र असे असावे की जे बघून रिक्षात कोणी बोलणार नाही. 'चारचौघी' मिळाले तर उत्तम. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' मिळाले तरी उत्तम. ते १९८५ सालचे नाटक विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्याचे आहे, पण शिकायची इच्छा असून वाड्यातच अडवून ठेवलेली त्यातली प्रभा आपल्या गल्लीतही राहून गेली आहे. आपल्यापैकी काहींनी तिला आरशात पाहिली असेल.

आणखी एक, हिशेबाबाहेरचे. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्या गावातही होते. आपल्याच घरची मुलेमुली नोकरी-अभ्यास सांभाळून महिना-दोन महिने तालमी करतात. तिकीट नाममात्र असते आणि खुर्च्या पुष्कळदा रिकाम्या. उद्याची 'जिगीषा' तेथेच कुठेतरी घाबरत घाबरत पहिले वाक्य म्हणत असेल. तीन नाटके विकतची, तर चौथे ह्या मुलांचे, असे धरून चालावे.

आणि प्रत्येक नाटकानंतर आठ दिवसांनी आपण येथे तासभर बसावे. कोणाचा शालू कसा होता ते खुशाल बोलावे, पण त्याबरोबर आपल्याला काय पटले, काय नाही, हेही बोलावे. नाटक आवडले नाही तर तसे स्पष्ट म्हणावे आणि ते व्यवस्थापकांना कळवावे. एखादीला लिहावेसे वाटले तर तिने लिहावे. जळगावच्या गिरिजाबाईंनी न पटलेल्या नाटकाचे उत्तर नाटक लिहूनच दिले होते. गुलमंडीच्या बाईने का देऊ नये?

गेल्या सभेत 'कुठलेही चालेल' असे ज्या भगिनी म्हणाल्या, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, त्यांनी आज ते मत बदलावे. कुठलेही चालेल असे म्हणत आपल्या आजीपणजींची आयुष्ये गेली. बाहेर पडायला मिळणे ही पहिली पायरी झाली. कुठे जायचे ते आपण ठरविणे ही दुसरी. चिठ्ठ्या वाटल्या जातील, त्यांवर प्रत्येकीने तीन नावे लिहावी. शेजारणीची बघून लिहू नयेत. चिठ्ठी कोरी मात्र कोणी देऊ नये.

 चहा होण्यापूर्वी चिठ्ठ्या गोळा व्हाव्यात, अशी अध्यक्षबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.